एडक्याची साक्ष

एका मोठ्या माळावर शांतवन नावाच्या मेंढपाळाचा कळप चरत असे, आणि त्या कळपात एक एडका होता. मुलांनो, एडका म्हणजे पूर्ण वाढलेला नर मेंढा. याची शिंगे कानांमागून वळून गालांपर्यंत आली होती, लोकर दाट होती आणि गळ्यात पितळेची घंटा होती. एडका निघाला की बाकीच्या मेंढ्या घंटेच्या आवाजामागून नीट चालत, म्हणून शांतवनने ती बांधली होती. घंटेचे काम एवढेच होते. एडक्याला मात्र ते एवढेच वाटत नसे.

शांतवन देवभीरू माणूस होता. रोज सकाळी मेंढवाड्याचे फाटक उघडण्याआधी तो डोक्याचे मुंडासे काढून काखेत धरी, मान खाली घाली आणि म्हणे, “प्रभू येशू, यांना मी सांभाळतो, मला तू सांभाळ. आज कुणी मागे राहू नये.” त्याची ही प्रार्थना चाललेली असताना बहुतेक मेंढ्या रवंथ करीत उभ्या असत आणि कोकरे एकमेकांना ढुशा देत. एडका तेवढा पुढचे दोन्ही गुडघे टेकून, डोळे मिटून राही.

पहिल्या दिवशी तो खरोखर मनापासून बसला होता. धन्याचा आवाज त्या वेळी इतका मऊ झाला होता, की एडक्याला उभे राहवले नाही. शांतवनने डोळे उघडून ते पाहिले, तो हसला आणि त्याने एडक्याचे कपाळ खाजवले. दुसऱ्या दिवशी एडका पुन्हा गुडघ्यांवर बसला. पण आता त्याचा एक डोळा किंचित उघडा होता.

हळूहळू त्याच्या गुडघ्यांवरची लोकर झिजली आणि तिथे घट्टे पडले. एखाद्या नव्या मेंढीशी ओळख झाली, की तो पाय अशा बेताने पुढे टाकी, की ते घट्टे तिला दिसावेत. तिने विचारले तर तो म्हणे, की यात माझे काही नाही, ही सगळी धन्याची कृपा. हे बोलताना तो खाली पाही. मनातल्या मनात मात्र तो रोज देवाचे उपकार मानी, की आपल्याला इतरांहून वेगळी समज मिळाली. धन्याचा आवाज जसा आपल्याला कळतो, तसा या रवंथ करणाऱ्यांना काय कळणार.

त्याच कळपात एक लंगडी मेंढी होती. लहानपणी तिचा मागचा पाय मोडला होता आणि तो वाकडाच जुळून आला होता. ती सगळ्यांच्या मागे राही, आणि मागे राहिल्यामुळे पुष्कळदा हरवे. एकदा ती बाभळीच्या कुंपणात अडकली आणि दुपारभर ओरडत राहिली. शांतवनने सारा कळप लिंबाच्या सावलीत बसवला, स्वतः उन्हातून जाऊन तिला काट्यांतून सोडवले आणि खांद्यावर घेऊन आला. त्याच्या हातांना ओरखडे पडले होते. ते पाहून एडक्याला वाईट वाटले, आणि मेंढीचा रागही आला. संध्याकाळी तो तिला सर्वांसमोर म्हणाला, “धन्याला जो खरा ओळखतो, त्याला असं ओरडावं लागत नाही. तो मुळात हरवतच नाही.”

लंगडी मेंढी म्हणाली, की तसे असेलही. मला मात्र ओरडावे लागते. एवढे बोलून ती पायातला काटा चाटत बसली. एक कोकरू जवळच उभे होते. त्याला एडक्याचे बोलणे फार आवडले. मोठेपणी आपणही असेच व्हायचे, असे त्याने ठरवले आणि त्या दिवसापासून ते एडक्याच्या मागे मागे राहू लागले. सकाळी प्रार्थनेच्या वेळी तेसुद्धा गुडघे टेकू लागले.

नाताळ जवळ आला होता. थंडी कडक पडत होती. एके दिवशी शांतवन कळप घेऊन माळाच्या पलीकडच्या शेतांकडे निघाला, कारण तिथली बाजरी काढून झाली होती आणि शेतकऱ्याने खतासाठी शेतात मेंढ्या बसवायला सांगितले होते. कळप माळाच्या मध्यावर आला असेल-नसेल, तोच धुके उतरले. बघता बघता ते इतके दाटले, की पुढची मेंढी मागचीला दिसेना. शांतवन थांबला. त्याने मेंढ्या हाताने चाचपून गोळा केल्या, तेव्हा त्याला कळले, की लंगडी मेंढी मागे राहिली आहे. कळपाला तिथेच थांबवून तो तिला आणायला उलटा गेला.

एडका काही वेळ थांबला. मग त्याला वाटले, की एका लंगडीसाठी सगळ्यांनी थंडीत का कुडकुडावे? शेतांची वाट आपल्याला पाठ आहे. धनी येईल तेव्हा कळप शेतात पोचलेला दिसेल आणि तो आपले कपाळ खाजवील. तो चालू लागला. घंटा वाजली, तशा मेंढ्याही सवयीने मागोमाग निघाल्या.

इकडे शांतवनला घंटा दूर जाताना ऐकू आली. त्याने तोंडाभोवती हात धरून आपली नेहमीची लांब हाक दिली, “याऽ याऽ याऽ!”

आता त्या माळावर एक बंद पडलेली दगडाची खाण होती. डोंगराचा अर्धा भाग कापून काढल्यासारखी तिची पलीकडची भिंत सरळ उभी होती आणि तळाशी पाणी साचले होते. शांतवनची हाक त्या भिंतीवर आपटली आणि परत फिरली. एडक्याला ती पुढून ऐकू आली. त्याने मान वर करून सर्वांना सांगितले, की धनी पुढे आहे, चला.

कोकरू त्याच्या अगदी पाठीशी होते. ते भीत भीत म्हणाले, “काका, पहिली हाक मागून आली. पुढून आली ती नंतर.”

“तू कालचं पोर,” एडका म्हणाला. “धन्याचा आवाज मला शिकवतोस?”

पुन्हा हाक आली. या वेळी बऱ्याच मेंढ्यांनी कान मागे वळवले. त्या थबकल्या, एकमेकींना घासत उभ्या राहिल्या आणि मग एकेक करून मागे फिरल्या. मेंढ्यांना फारसा विचार करता येत नाही असे लोक म्हणतात. पण मागून धन्याने हाक मारली तर मागे जायचे, एवढे त्यांना समजत होते. एडका मागे फिरला नाही. मागे फिरणे म्हणजे सगळ्यांदेखत चुकलो म्हणणे झाले असते. कोकरूही फिरले नाही. त्याच्या कानांनी एक सांगितले होते आणि काकांनी दुसरे. त्याने काकांचे ऐकले.

थोडे पुढे गेल्यावर एडक्याच्या पायाखालचा मुरूम सरकला. तो घसरत खाली गेला आणि खाणीच्या अलीकडच्या भिंतीत कापलेल्या एका अरुंद टप्प्यावर आदळला. त्याचा पुढचा पाय अंगाखाली मुरगळला. कोकरू त्याच्यावरून घरंगळत आणखी खाली गेले, पार पाण्याच्या कडेपर्यंत. तिथे एका दगडाला पुढचे पाय टेकून ते कसेबसे थांबले. त्याचे मागचे अर्धे अंग बर्फासारख्या पाण्यात होते.

कोकरू ओरडू लागले. एडका वरून दबक्या आवाजात म्हणाला, “गप्प. वाट मी काढतो.”

त्याला दुखत होते, पण दुखण्यापेक्षा त्याला दुसरीच भीती होती. आपला आवाज कळपाने ऐकला तर? लंगडी मेंढी ऐकेल. बाभळीच्या कुंपणाची गोष्ट तिला आठवेल. धनी खांद्यावर घेऊन येईल आणि सगळ्या बघत राहतील. धन्याला कळायच्या आत आपले आपण वर चढलो, तर हे कुणाला कळायचेही नाही. कोकराला तो समजावून सांगणार होता, की काही बोलू नको.

तो चढायचा प्रयत्न करू लागला. मुरगळलेला पाय वर टाकी, शिंगे भिंतीला टेकवी आणि अंग वर ढकली. प्रत्येक वेळी थोडा मुरूम आणि दोन-चार धोंडे सुटत आणि खाली कोसळत. धुक्यात त्याला ते कुठे पडतात हे दिसत नव्हते. ते कोकराच्या पाठीवर पडत होते. आधी कोकराचे पुढचे अर्धे अंग दगडावर होते. आता ते सरकत सरकत छातीपर्यंत पाण्यात गेले. काकांनी गप्प राहायला सांगितले होते, म्हणून ते गप्प राहिले.

जरा वेळाने धुके थोडे विरले आणि एडक्याने खाली पाहिले. कोकराचे डोके आणि पुढचे दोन खूर एवढेच पाण्याबाहेर होते. त्याच्या भोवती ताजा मुरूम पडलेला होता. तो कुठून आला, हे एडक्याला कळायला वेळ लागला नाही.

“ओरड,” तो म्हणाला. “आता ओरड.”

कोकराने तोंड उघडले, पण थंडीने त्याचा आवाज गेला होता. नुसती वाफ बाहेर आली.

मग एडका ओरडला. त्याला वाटले होते, की आपला आवाज भारदस्त निघेल. तो निघाला अगदी दोन दिवसांच्या पिलासारखा, फाटका आणि किरटा. त्याला त्याची लाज वाटली नाही, कारण लाज वाटायला मनात जागाच उरली नव्हती. तो ओरडत राहिला. घसा बसला तरी ओरडत राहिला.

शांतवन लंगडी मेंढी घेऊन कळपापर्यंत पोचला होता आणि घंटेचा कानोसा घेत होता. ओरडणे खाणीत घुमत होते, त्यामुळे ते नेमके कुठून येते हे त्याला उमगेना. लंगडी मेंढी मात्र हरवण्यात मुरलेली होती. त्या खाणीच्या काठाशी ती दोनदा तरी अडकली होती. ती सरळ तिकडे लंगडत निघाली, आणि शांतवन तिच्यामागे.

काठावर येताच त्याने कमरेचा दोर सोडून जवळच्या झाडाला बांधला आणि तो धरून खाली उतरला. एडका त्याच्या वाटेतच होता. पण शांतवन त्याच्या बाजूने गेला, थांबला नाही. थेट पाण्यापर्यंत उतरला, कोकराला उचलून सदऱ्याच्या आत पोटाशी धरले आणि वर चढून गेला. मुलांनो, खरे सांगायचे तर एवढ्यातही एडक्याच्या मनाला बारीकशी टोचणी लागली, की धनी आपल्याकडे आधी आला नाही. अशा गोष्टी एका फटक्यात मरत नाहीत.

मग शांतवन पुन्हा उतरला. त्याने एडक्याच्या छातीखालून दोर घातला आणि ओढत, ढकलत, धापा टाकत त्याला वर आणले. वर आल्यावर दोघेही काही वेळ मातीत पडून राहिले. शेवटी शांतवनने त्याच्या मानेवर हात ठेवला.

“ओरडलास ते बरं केलंस, बाबा,” तो म्हणाला.

कोकरू वाचले. शांतवनच्या घरी चुलीजवळ पोत्यावर पडून राहिले आणि नाताळापर्यंत पुन्हा ढुशा देऊ लागले. एडक्याचा पाय सुजला होता, त्यामुळे शांतवनने घंटा काढून दुसऱ्या एका शांत मेंढ्याच्या गळ्यात बांधली. त्याला खरोखर पश्चात्ताप झाला होता. तो लंगडीकडे जाऊन म्हणाला, की मी तुला जे बोललो ते चुकीचे होते. तिने ते मान्य केले आणि त्याला चांगल्या पाल्याची जागा दाखवली.

इथे गोष्ट संपली असती तर सोपे झाले असते. पण पुढे आणखी घडले.

नाताळनंतर शेजारच्या गावाचे कळपही त्या माळावर येऊ लागले. दुपारी सगळ्या मेंढ्या लिंबाखाली बसत. तिथे एडक्याने आपली साक्ष, म्हणजे धन्याने आपल्याला कसे वाचवले ती हकीकत, सांगायला सुरुवात केली. मी किती गर्विष्ठ होतो, कसा घसरलो, कसा ओरडलो, हे तो सांगे. ऐकणाऱ्या मेंढ्यांचे डोळे भरून येत. दुसऱ्या दिवशी त्या मैत्रिणींना घेऊन येत. साक्ष रोज थोडी लांबू लागली. खाण अधिक खोल झाली, एडका अधिक पापी झाला. “माझ्याएवढा नीच या माळावर कुणी नाही,” असे तो म्हणे, आणि मग थोडा थांबे.

एखाद्या मेंढ्याने सांगितले, की मीही एकदा चुकलो होतो, तर एडका त्याला मधेच तोडून म्हणे, की तुझी चूक माझ्यापुढे काहीच नाही. पाण्याच्या हौदाशी तो हटकून सर्वांत शेवटी उभा राही. पण उभा राही तो नेमका हौदाच्या कुंपणाच्या फाटकात, डोळे मिटून, सगळ्यांना दिसेल असा. त्यामुळे फाटक अडे आणि कोकरांना त्याच्या पोटाखालून वाकून जावे लागे. कुणी आग्रह केला, की काका तुम्ही आधी प्या, तर तो मान हलवून म्हणे, की माझी ती लायकी नाही.

एके दुपारी साक्ष संपल्यावर मेंढ्या पांगल्या. लंगडी तेवढी बसून राहिली. ती म्हणाली, “एक विचारू का? आधी तू आमच्यापेक्षा उंच उभा राहायचास. आता आमच्यापेक्षा खाली उभा राहतोस. आमच्याबरोबर कधी उभा राहणार?”

एडक्याला राग आला. आपण एवढे स्वतःला कमी करून सांगतो आणि हिला त्याचेही काही नाही, असे त्याला वाटले. दोन-तीन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. त्या दिवसांत त्याने साक्ष सांगितली, पण सांगताना ऐकणारे किती आहेत हे आपण मोजतो आहोत, हे त्याच्या लक्षात आले. आणि गंमत म्हणजे, हे लक्षात आल्यावर पहिला विचार त्याच्या मनात आला तो हा, की उद्याच्या साक्षीत हेही सांगता येईल. तेव्हा तो घाबरला. खाणीत पडल्यावर घाबरला होता त्याहून जास्त. खाणीला निदान काठ होता.

तो लंगडीकडे गेला. “मी काय करू ते सांग,” तो म्हणाला. “मी वर गेलो तरी मीच असतो, खाली गेलो तरी मीच असतो.”

तो काहीतरी मोठे उत्तर ऐकायच्या तयारीत उभा होता. लंगडीने जरा विचार केला.

“माझ्या या बाजूला चाल,” ती म्हणाली. “आज वारं फार बोचतंय, आणि माझा पाय दुखतोय.”

एवढेच. एडका तिच्या वाऱ्याकडच्या बाजूला गेला आणि चालू लागला. तिच्या पावलाने चालणे फार अवघड होते. चार पावले टाकली की ती थांबे, एखादी काडी तोडी, पुन्हा चार पावले टाके. तिच्या बोलण्यात देवाचे नाव क्वचितच येई. कुठल्या बांधावर काटा आहे, कोणत्या कोकराला नाकातून पाणी येते आहे, आज धनी खोकत का होता, असले तिचे बोलणे असे. सुरुवातीला एडक्याला कंटाळा आला. मग त्याला कोकराच्या नाकाची काळजी वाटू लागली. मग तोच एक दिवस म्हणाला, की धन्याचा खोकला आज कमी दिसतो.

सकाळच्या प्रार्थनेला तो अजूनही गुडघे टेकी. कारण शांतवनचा आवाज अजूनही तसाच मऊ होई. पण लंगडीला मागच्या पायामुळे थंडीत उभे राहणे जड जाई, म्हणून तो तिला टेकायला अंग देऊन बसे. धनी पाहतो की नाही, हे बघायचे त्याच्याकडून राहून जाऊ लागले.

उन्हाळा तोंडावर आला, तेव्हा दूरच्या गावाचा एक कळप त्या माळावरून जात होता. त्यातल्या एका तरण्याबांड मेंढ्याने खाणीची गोष्ट कुठेतरी ऐकली होती. तो मुद्दाम एडक्याला शोधत आला आणि फार आदराने म्हणाला, की आमच्या कळपाला तुमची साक्ष ऐकायची आहे, सगळे लिंबाखाली जमले आहेत.

एडका मान लांब करून ओढ्याकडे बघत होता. लंगडी अर्ध्या उतारावर येऊन थांबली होती आणि तिला पाय पुढे टाकता येत नव्हता.

“कोकराला विचार,” तो म्हणाला. “पाण्यात ते होतं. त्याला नीट आठवतं.”

आणि तो ओढ्याकडे निघून गेला. लिंबाखाली जमलेल्या मेंढ्यांनी थोडी वाट पाहिली. मग कोकराने, जे आता चांगले मोठे झाले होते, त्यांना सगळी हकीकत सांगितली. धन्याने आपल्याला सदऱ्याच्या आत धरले तेव्हा त्याच्या छातीची ऊब कशी लागली, हे त्याने सर्वांत जास्त वेळ सांगितले. एडक्याचे नाव त्यात एकदाच आले. काका ओरडले म्हणून धन्याला आम्ही सापडलो, एवढ्यापुरते.

तात्पर्य : ‘मी किती भक्तिमान’ आणि ‘मी किती पापी’ या दोन्ही बोलण्यांत ‘मी’च मोठा होऊन बसू शकतो. अडचणीत प्रभूला हाक मारावी, त्याची हाक आली की वळावे आणि शेजारच्याच्या पावलाने चालावे. असे चालता चालता स्वतःचा जो विसर पडतो, ती खरी नम्रता.